औषधाने उपास मोडत नाही

वाशीतल्या सोळा बिऱ्हाडांच्या त्या सिडकोच्या इमारतीत कुणालाही उपासाबद्दल काही अडलं, की पहिल्या मजल्यावरच्या मालतीबाईंचं दार वाजवायचं, हा शिरस्ता अठ्ठ्याहत्तर साली इमारतीत माणसं राहायला आली तेव्हापासूनचा. उपासाला कोथिंबीर चालते का? चालते, हळद मात्र नाही. भेंडी? 'आमच्याकडे नाही चालत,' असं मालतीबाई म्हणत, आणि त्यांच्याकडे जे चालत नसे ते पुढे सोळाही घरांत चालेनासं होई. चुकून दाणा तोंडात गेला तर? चुकून गेला तर मोडत नाही, मुद्दाम टाकला तर मोडतो. पोटुशी आहे, संकष्टी सोडू का? सोडू नकोस, दूध-फळांवर कर, गणपती काही बाळाला उपाशी ठेव म्हणत नाही. ताप आहे, गोळी घ्यायची आहे. घे खुशाल. 'औषधाने उपास मोडत नाही, अन्नाने मोडतो.' हे शेवटचं वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, याला गणती नाही. सासूकडून आलेलं होतं, आणि सासूकडून आलेल्यातलं तेवढंच त्यांनी जपून ठेवलं होतं.

मालतीबाईंना कुणी विचारायला आलं, की त्या लगेच उत्तर देत नसत. आधी पदर सावरत, मग समोरच्या बाईला खाली बसवत, मग 'कुठला उपास? सोमवारचा की संकष्टीचा?' असं वैद्यासारखं विचारत. उत्तर त्यांना पहिल्याच शब्दाला ठाऊक असे. पण विचारलं जाण्याचं सुख असं घाईघाईने संपवायचं नसतं, एवढं त्यांना कळत होतं.

आणि का जपू नये त्यांनी ते? दुसरं होतं काय त्यांच्याजवळ? चिपळूणकडच्या घरातून सतराव्या वर्षी गिरगावातल्या दोन खोल्यांत लग्न होऊन आल्या, तेव्हा घरात आधीच तीन सुना. थोरली गोरीपान, तिच्या रंगाची कौतुकं. मधली मॅट्रिक झालेली, ती सासऱ्यांना पेपर वाचून दाखवी. तिसरीला पाठोपाठ दोन मुलगे. मालतीबाई सावळ्या, चौथी शिकलेल्या, आणि पदरात एकच मुलगी. जावांचं कौतुक चाललेलं असताना त्या मोरीत भांडी घासत आणि त्यांच्या पोटात जे दुखे त्याला कुठला काढा चालत नसे. मग एका आषाढात सासूने धरणं-पारणं धरलं. एक दिवस कडकडीत उपास, दुसऱ्या दिवशी जेवण, असं चार महिने. 'कोण करतंय माझ्याबरोबर?' म्हणून सासूने सुनांकडे पाहिलं. गोरीला चक्कर येई, मॅट्रिकवालीला पित्त होई, मुलगेवालीचं पोर अंगावर पीत होतं. मालतीबाई म्हणाल्या, 'मी.' कार्तिकी एकादशीला सासूने चारचौघांत सांगितलं, 'उपास करावा तर माझ्या मालतीने.' बस. त्या दिवशी त्यांना आपली जागा सापडली.

तेव्हापासून सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी, प्रदोष, चातुर्मासात एकभुक्त. नवरा मधुकरराव मंत्रालयात हेडक्लार्क, शांत माणूस. तो म्हणे, 'आमच्या हिला जेवायला आठवड्यातून अडीच वार मिळतात.' मालतीबाईंना ते बोलणं लागत नसे. उलट चार माणसांत त्याने ते पुन्हा सांगावं अशी त्यांची इच्छा असे.

वाशीला आल्यावर तर त्यांचं राज्यच झालं. नवं गाव, नवे लोक, कुणी देशावरचं, कुणी कोकणातलं, कुणी दादरच्या चाळीतून आलेलं. कुणाबरोबर सासू नाही, आजेसासू नाही. विचारायचं कुणाला? मालतीबाईंना. दुपारी जिन्याच्या पायऱ्यांवर बायका बसत आणि तळमजल्यावरची वैजयंती सगळ्यांच्या वतीने शंका काढी. ही वैजयंती म्हणजे इमारतीचं वर्तमानपत्र. एका कानाने ऐकलेलं दुपारपर्यंत सोळा घरांत पोचवी. 'आमच्या मालतीकाकूंना विचारा' हे ती इतक्या अभिमानाने म्हणे, की मालतीबाईंना तिच्या तोंडाळपणाची सगळी पापं माफ होती.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात त्यांच्या बरोबर डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, अरुणा राहायला आली.

पस्तिशीची, गोरी, सडपातळ, फोर्टातल्या बँकेत नोकरीला. नवरा बेलापूर रोडवरच्या कारखान्यात शिफ्टला. सकाळी सातला ही खटाखटा जिना उतरून बसला जाई आणि संध्याकाळी सातला तितक्याच खटाखटा चढे. वागायला चांगली होती, तीच तर पंचाईत. वाईट असती तर मालतीबाईंना तिला नावं ठेवून मोकळं होता आलं असतं.

त्या वर्षीच्या नवरात्रात कळलं की अरुणा नऊ दिवस काही खात नाही. दिवसभर पाणी, दुपारी लिंबाचं सरबत, तेही बिनसाखरेचं, चिमूटभर मीठ घातलेलं, आणि रात्री कपभर दूध. एवढ्यावर बँक, बस, घर, सगळं. वैजयंतीने ही बातमी पहिल्या माळेलाच मालतीबाईंच्या कानावर घातली आणि वर म्हणाली, 'काकू, तुमी तर साबुदाणा खाता ना?'

मालतीबाईंनी हातातली खिचडीची ताटली खाली ठेवली. ती पुन्हा उचलवली नाही.

'होतंय का असं?' त्या म्हणाल्या. 'नऊ दिवस? लपूनछपून खात असेल.'

हे त्या बोलून गेल्या खऱ्या, पण मग ते त्यांच्या मनात घरच करून बसलं. खातच असली पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून मालतीबाई पाळत ठेवू लागल्या. संध्याकाळी जिन्यात उभं राहून नाकाने वास घेत, वरून फोडणी येते का. भांड्यांचा आवाज मोजत. तिसऱ्या दिवशी तर कहर केला. सकाळी अरुणा बसला गेली, आणि दारात तिची कचऱ्याची बादली होती. पन्नाशी उलटलेल्या, नातवंडाची आजी असलेल्या मालतीबाई अनवाणी वर गेल्या आणि त्यांनी त्या बादलीत हात घातला. केळ्याचं साल मिळालं असतं तरी त्यांचं नवरात्र सोन्याचं झालं असतं. मिळाली पिळलेली सहा लिंबं. त्या हात धुऊन देवापुढे बसल्या, पण हाताचा लिंबाचा वास दुपारपर्यंत गेला नाही.

दसऱ्याला अरुणा जिन्यात भेटली तेव्हा तिचा चेहरा उतरला तर नव्हताच, उलट उजळला होता. बायकांनी तिला गराडा घातला. आणि मालतीबाईंच्या पायऱ्यांवर, त्यांच्या डोळ्यांदेखत, शंका दुसऱ्या बाईला विचारल्या जाऊ लागल्या.

'डोकं नाही दुखत?' वैजयंतीने विचारलं.

'पहिले दोन दिवस दुखतं,' अरुणा हसून म्हणाली. 'ते उपासाने नाही, चहा बंद होतो म्हणून. आठ दिवस आधीपासून चहा कमी करत आणायचा. पाणी भरपूर प्यायचं. आणि सोडताना एकदम पुरणपोळीवर नाही तुटून पडायचं. आधी फळांचा रस, मग पेज, मग मऊ भात.'

'मला उपासाला पित्त होतं गं.'

'तुम्ही साबुदाणा, तळलेले पापड, शेंगदाणे खाता ना? मग होणारच. तो काय उपास झाला? ते तर रोजच्यापेक्षा जड.'

कुणीतरी 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणालं आणि सगळ्या हसल्या. मालतीबाईही हसल्या. हसता हसता त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. अरुणा हे सगळं कुठल्याशा निसर्गोपचाराच्या आश्रमात शिकली होती, तिथे तिच्या आईला ठेवलं होतं तेव्हा. म्हणजे देवाचं नावही नाही! पोटाला विश्रांती म्हणे! मालतीबाईंनी वैजयंतीला बाजूला घेऊन सांगून पाहिलं, 'अगं, तो उपास नव्हे, ते पथ्य. पुण्य शून्य.' वैजयंती म्हणाली, 'असेल काकू. पण मी संकष्टीला नुसतं ताक घेतलं ना, पित्त नाही झालं.'

पुढचं वर्षभर दार वाजायचं कमी कमी होत गेलं. बायका आता संध्याकाळी सातनंतर जिन्यात थांबत. खालून खटाखटा पावलं आली की मालतीबाई दाराआड उभ्या राहून ऐकत. आपल्याला विचारत तेच प्रश्न. उत्तरं निराळी. रात्री त्या मधुकररावांना म्हणत, 'काल आलेली पोर, आणि माझ्या डोक्यावर बसली आहे.' मधुकरराव म्हणत, 'दुसरा मजला आहे, वरच बसणार.'

पंच्याऐंशीच्या श्रावणात मालतीबाईंना फार तहान लागू लागली. रात्रीतून चार चार वेळा उठावं लागे. पायाला कापलेलं महिना झाला तरी भरेना. सेक्टरातल्या दवाखान्यातले डॉक्टर नंदकुमार हे सरळ बोलणारे तरुण गृहस्थ. त्यांनी लघवी तपासली. परीक्षानळीत निळं औषध घालून दिव्यावर उकळलं, आणि निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं विटकरी होईपर्यंत मालतीबाई बघत राहिल्या.

'साखर आहे, काकू,' डॉक्टर म्हणाले. 'गोड बंद. ही गोळी रोज सकाळी. आणि नीट ऐका. गोळी घेतली की अर्ध्या तासात खायचं. उपास-तापास आता बंद.'

बाकीचं मालतीबाईंनी ऐकलं. शेवटचं ऐकून त्यांना परक्या गावात उतरवल्यासारखं वाटलं. उपास बंद, म्हणजे मग त्या कोण? सावळ्या, चौथी शिकलेल्या, एका मुलीच्या आई. नवऱ्याला त्यांनी आपल्या गळ्याची शपथ घातली, 'इमारतीत कुणाला कळता कामा नये. त्या वरच्या बयेला तर नाहीच नाही.' मधुकररावांनी बिचाऱ्यांनी मान डोलावली. बायकोने वारांचे उपास सोडले असं त्यांना वाटलं. तिने ते सोडले नव्हते, फक्त सकाळी त्यांच्यासमोर पोळी खाई आणि ते गेल्यावर पुढचं जेवण टाळी.

भाद्रपद सरत आला आणि पायऱ्यांवर पुन्हा अरुणाच्या नवरात्राची चर्चा सुरू झाली. यंदा वैजयंती आणि आणखी दोघी तिच्याबरोबर तीन दिवस करणार होत्या. तिघी! मालतीबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं,

'मी यंदा नऊ दिवस नुसत्या पाण्यावर करणार आहे. दूधसुद्धा नाही.'

सगळ्या त्यांच्याकडे वळल्या. वर्षभरानंतर पहिल्यांदा सगळ्या एकदम त्यांच्याकडे वळल्या.

'काकू, या वयात?' 'खरंच काकू?' 'झेपेल का तुमाला?'

'देवी झेपवून घेते,' मालतीबाई म्हणाल्या, आणि त्यांना इतकं बरं वाटलं, की तहानसुद्धा विसरली.

अरुणा तेवढी म्हणाली, 'काकू, सवय नसताना एकदम नऊ दिवस नको. आणि तुम्हाला बी.पी., साखर वगैरे काही नाही ना? ते असेल तर अजिबात करायचं नसतं.'

'मला काय धाड भरली आहे?' मालतीबाई म्हणाल्या. मनात म्हणाल्या, भ्यायली बघ.

डॉक्टरांचं काय करायचं, याचा त्यांनी रात्रभर विचार केला आणि तोडगाही काढला. डॉक्टरांनी गोळी रोज घ्या म्हटलं आहे ना? घ्यायची. एक दिवस चुकवायची नाही. औषधाने काही उपास मोडत नाही. म्हणजे डॉक्टरांचा शब्दही राहिला आणि देवीचाही. जेवणाशिवाय ती गोळी काय करते, हे सासूच्या नियमात नव्हतं, कारण सासूच्या काळी ती गोळीच नव्हती. मधुकररावांना त्यांनी सांगितलं, 'डॉक्टर म्हणाले, गोळी चालू असेल तर हरकत नाही.' धडधडीत खोटं, आणि तेही देवीच्या नावाने.

घट बसले. पहिल्या माळेला डोकं ठणकलं. सकाळी गोळी, वर तांब्याभर पाणी. वैजयंती दर दोन तासांनी येऊन बघून जाई आणि वर-खाली बातमी देई. दुसऱ्या माळेला हात थरथरू लागले, निरांजन लावताना तीन काड्या फुकट गेल्या. पहाटे अंग घामाने थबथबलं. मधुकरराव म्हणाले, 'पुरे आता.' मालतीबाई म्हणाल्या, 'वर ती खटाखटा चढते आहे, ऐकू येतंय ना तुम्हाला? मग मला पुरे म्हणू नका.' तरी तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गोळी घेतलीच. नेमाला त्या पक्क्या.

तिसऱ्या माळेच्या संध्याकाळी आरतीला त्यांच्या घरात बायका मावेनात. पाण्यावर उपास करणाऱ्या काकूंना बघायला शेजारच्या इमारतीतल्याही आल्या होत्या. अरुणाही बँकेतून परस्पर आली होती आणि दाराशी उभी होती. मालतीबाईंना दिवे दोन-दोन दिसत होते. टाळ्यांचा आवाज लांबून येत होता. त्यांचं अंग थडथड उडू लागलं, कपाळावरून घाम निथळू लागला, अंबाडा सुटला, आणि तोंडातून काहीबाही शब्द येऊ लागले. 'मला द्या... माझं आहे... खाली बसा सगळ्या...'

'अगंबाई! काकूंच्या अंगात आलं!' वैजयंती ओरडली.

टाळ्या वाढल्या. कुणीतरी मळवट भरला. कुणीतरी खणा-नारळाने ओटी भरली. बायका एकामागून एक पाया पडू लागल्या. 'आई, माझ्या मुलाला नोकरी लागेल का?' 'आई, माझ्या सुनेची कूस उजवेल का?' विचारत होत्या! पुन्हा त्यांना विचारत होत्या, आणि तेही पाया पडून! मालतीबाईंना त्या धुक्यातूनही ते कळलं. आणि दाराशी अरुणा पाया पडत नाहीये, हेही कळलं. तिने पण वाकावं, एवढं एकच मागणं उरलं होतं.

अरुणा पुढे आली. पण वाकली नाही. तिने मालतीबाईंचं मनगट धरलं. ते गार होतं.

'काका, या कसली गोळी घेतात का?'

मधुकररावांनी बायकोकडे पाहिलं. शपथ आठवली. मग ती मोडून ते म्हणाले, 'साखरेची. आजसुद्धा घेतली.'

'आणि तीन दिवस खाल्लं नाही?' अरुणाचा आवाज चिरकला. 'अहो, अंगात कसलं आलंय! साखर उतरली आहे त्यांची! डॉक्टरांना बोलवा. साखर आणा, पटकन, पाण्यात कालवून!'

टाळ्या थांबल्या. कुणीतरी वाटी आणली. अरुणाने ती मालतीबाईंच्या ओठांना लावली, तर त्यांनी दात घट्ट मिटून घेतले. शुद्ध होती, गिळता येत होतं, पण तोंड उघडेनात. मधुकररावांनी विनवलं. वैजयंती रडायला लागली. मालतीबाई दातांच्या फटीतून म्हणाल्या,

'हिच्या हातून... नाही मोडणार. हिचा चालू आहे... माझा नाही मोडायचा.'

अरुणाने त्याच वाटीतला मोठा घोट घेतला, सगळ्यांसमोर गिळला, आणि हाताने ओठ पुसले.

'माझा मोडला, काकू. बघा. आता तुम्ही घ्या.'

तेव्हा कुठे मालतीबाईंनी तोंड उघडलं.

घोटाघोटाने वाटी संपली. थोड्या वेळाने धुकं विरलं. डॉक्टर आले, त्यांनी शिरेतून साखरेचं पाणी दिलं आणि बोलण्याने सोलून काढलं. 'ही गोळी दिवसभर अंगात काम करते, पोटात काही असो नसो. अजून तासभर तसंच राहिलं असतं तर मी येऊन उपयोग नव्हता. आज रात्री यांना एकटं सोडू नका, पुन्हा उतरू शकते.' रात्रभर उशाशी कोण बसलं? तीच. दर दोन तासांनी पेजेची वाटी घेऊन.

जीव वाचला. माणसाला आनंद व्हावा. मालतीबाईंना झालाही, नाही असं नाही, अगदी सकाळपर्यंत टिकला. मग भेटायला येणाऱ्या बायका सुरू झाल्या आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच. 'अरुणाने बघा हो! स्वतःचं व्रत मोडलं तुमच्यासाठी! केवढं मन!' 'नऊ दिवसांचं पुण्य तिला एका घोटात मिळालं.' मालतीबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. उपास करून तीच मोठी. उपास मोडूनही तीच मोठी. आणि आपण मरता मरता वाचलो, तर त्याचंही कौतुक वरच्या मजल्याला! हे त्या उघड कुणाशी बोलणार? जिने जीव वाचवला तिचा हेवा वाटतो, असं बोललं तर लोक शेण घालतील तोंडात. पण वाटत होता, हे खरं. पूर्वीपेक्षा दुप्पट वाटत होता.

एकच उरलं होतं. शेजारच्या इमारतीतल्या काहीजणी अजून म्हणत, 'डॉक्टर काही म्हणोत, त्या दिवशी देवी आली होती. डोळे पाहिले नाहीत का?' त्या मालतीबाईंना बघून हात जोडत. मालतीबाई हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. नुसत्या मान खाली घालत. साखरेच्या गोळीबरोबर दोन वेळा वेळेवर जेवणाऱ्या, सोमवारीसुद्धा सगळ्यांदेखत पोळी खाणाऱ्या बाईजवळ तेवढीच शिल्लक होती. प्रश्न विचारायला मात्र कुणी येत नव्हतं. ज्या बाईचा उपास सुटला तिला उपासाचं काय विचारायचं?

चैत्र लागला. एका रविवारी सकाळी करावे गावची सखू मासळीची पाटी घेऊन आली. बुधवार-रविवारी ती इमारतीत फिरे, आणि आता मालतीबाईंचे उपास सुटल्यामुळे त्यांच्याकडेही नेमाने थांबे. पन्नाशीची, दणकट, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. त्या दिवशी मात्र तिने पाटी उतरवली आणि आवाज खाली आणला.

'बाय, तुमाला येक इचारू?'

मालतीबाईंचा हात आपोआप पदराकडे गेला.

'आमचे गावशी एकविरेला पालखी चालली हाय. मी नवस बोललेय, कार्ल्याला आईचं दर्सन होईपर्यंत फकस्त पान्याव र्‍हानार. तीन दिस चालायचा. न् मना साखर निंगाली हाय. गोळी चालू हाय. तवा गोळी घेऊनशान उपास धरू, का कसा करू?'

'अरुणाबाईंना नाही विचारलंस?' मालतीबाईंनी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

'इचारला. ती बोलली, आजाबात करू नको. खरीच सांगत आसंल. पन तिला कुटं साखर हाय, बाय? हातपाय कापतान, डोल्याम्होरं आंधार येतो, तो तिला काय म्हायत? तिचा इस्वास कसा धरू? तुमाला म्हायत हाय. तुमी त्यातशी जाऊन आल्याव.'

त्या विटकरी नळीपासून आजपर्यंत मालतीबाईंनी आपल्या दुखण्याला शिव्याच घातल्या होत्या. आज पहिल्यांदा त्यांना ते आपलं वाटलं. अरुणाला साखर नाही. रंग आहे, बँक आहे, मोठं मन आहे, साखर मात्र नाही! या एका बाबतीत ती कोरी आहे, कोरी पाटी. कितीही आश्रमात शिकून आली तरी हे तिला शिकता यायचं नाही. मालतीबाईंच्या मनात असा आनंद उसळला की त्यांची त्यांनाच लाज वाटली, पण लाजेने काही तो आवरला नाही.

सखूने आणखी विचारलं, 'लोक बोलतान, तवा तुमचे आंगान आई आलेली. म्हून मी बोलली, गोळी घेतली न् उपास केला तर आई येते का काय.'

इथे मात्र मालतीबाई अडल्या. शेजारच्या इमारतीतल्या जोडलेल्या हातांची आठवण झाली. हो म्हणायचीही गरज नव्हती, नेहमीसारखी नुसती मान खाली घातली असती तरी भागलं असतं. आणि सखू गोळी घेऊन, पाण्यावर, चैत्राच्या उन्हात कार्ल्याकडे चालू लागली असती.

तेवढ्यात खालून जिन्यात पावलं वाजली. खटाखटा. अरुणा बाजारातून पिशव्या घेऊन वर येत होती.

मालतीबाईंनी पदर सावरला. दार होतं त्याहून थोडं अधिक उघडलं. सखूला उंबऱ्याशी खाली बसवलं, स्वतः पाटावर बसल्या, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत सहज ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

'सखू, नीट ऐक. देवीबिवी काही आली नव्हती. गोळी होती ती. मी उपाशी पोटी गोळी घेतली आणि मरायला टेकले होते.'